कियान्तीच्या पांढऱ्या रस्त्यांवर डांबर घालावे का?

इटलीत फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधे कियान्तीचा डोंगराळ मुलूख आहे. सांजोव्हेजे द्राक्षांच्या वाइनसाठी तो जगभर ओळखला जातो. एक टेकडी उतरावी तोच दुसरी चढायला लागते. माथ्यावर दगडी घर, उतारावर द्राक्षांच्या ओळी, त्यांच्या शेजारी ऑलिव्ह आणि मधे मधे ओकची दाट झाडी. या घरांना आणि बागांना जोडणारे कितीतरी रस्ते अजून कच्चे आहेत. चुनखडीची बारीक खडी पसरून आणि दाबून ते तयार केलेले असतात, आणि उन्हात ते इतके लख्ख दिसतात की तिकडे त्यांना 'स्त्रादे बियांके', म्हणजे पांढरे रस्ते, हेच नाव पडले आहे.

वाहने तुरळक, वळणे असंख्य, चढ अंगावर येणारे आणि चाकाखाली खडी. ज्याला आज ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात त्याला लागणारे सगळे इथे आधीपासून होते. म्हणूनच गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे रस्ते सायकलस्वारांच्या जगात प्रसिद्ध झाले, आणि एरवी गावच्या नगरपालिकेत मिटला असता असा एक प्रश्न बराच मोठा झाला: हे रस्ते असेच राखायचे, की इतर रस्त्यांसारखे डांबराचे करायचे? रस्ता कच्चा ठेवण्याची किंमत कोण मोजतो आणि त्याचा लाभ कोणाला होतो, हा या वादाचा गाभा आहे असे मला वाटते. पुढचा आढावा त्याच अंगाने घेतला आहे.

रस्ते कच्चे का राहिले

कियान्तीची जमीन खडकाळ आहे. सहज भुगा होणारा गालेस्त्रो आणि टणक, चुनखडीयुक्त आल्बेरेसे हे तिथले दोन नेहमीचे दगड. नांगर लागला की आल्बेरेसेचे गोटे वर येतात, आणि घरे, बांध, रस्ते या सगळ्यांसाठी तेच वापरले गेले. सिएनाच्या आग्नेयेला क्रेते सेनेसीचा प्रदेश लागतो. तिथे जुन्या समुद्रतळाची राखाडी चिकणमाती आहे. झाडी विरळ, टेकड्या उघड्या, आणि पावसात ही माती इतकी चिकट होते की खडी टाकल्याशिवाय तिच्यावरून गाडी जाणेच शक्य नसते.

रस्त्यांचे जाळे इतके दाट का, याचे उत्तर शेतीच्या पद्धतीत आहे. शतकानुशतके इथे अर्धेलीची शेती चाले. जमीन मालकाची, राबणारे कुटुंब त्या शेतावरच्याच घरात राहणारे आणि पीक निम्मेनिम्मे. घरे गावात एकवटलेली नसून प्रत्येक शेतावर एकेक असल्याने प्रत्येक घराला वाट लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्था कोसळली. तरुण माणसे कारखान्यांकडे गेली, आणि १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी आली. देशभर डांबर पसरत होते त्याच काळात कियान्तीतली शेतघरे रिकामी होत होती. ज्या वाटेच्या टोकाला माणूसच उरला नाही, तिथे डांबराची मागणी तरी कोण करणार? आज जो वारसा म्हणून मिरवला जातो त्यातला बराच भाग असा ओसाडीमुळे टिकला, हे विसरून चालणार नाही.

पुढे घरे पुन्हा भरली, पण वेगळ्या माणसांनी. शहरातल्यांनी आणि परदेशी लोकांनी पडकी घरे विकत घेऊन दुरुस्त केली. १९८५ मध्ये इटलीत कृषी पर्यटनाचा कायदा झाला आणि शेतावर पाहुणे ठेवणे हे शेतकऱ्यांच्या उत्पन्नाचे रीतसर साधन झाले. वाइनचीही प्रत आणि किंमत याच सुमारास वर गेली. कियान्तीच्या सीमा १७१६ मध्ये तिसऱ्या कोसिमो या तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने जाहीरनाम्याने आखल्या होत्या. ब्रोलियोच्या किल्ल्यात बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ मध्ये या वाइनचे मिश्रण ठरवले, उत्पादकांचा संघ १९२४ मध्ये स्थापन झाला, आणि १९८४ मध्ये कियान्तीला इटलीतल्या वाइनचा सर्वांत वरचा सरकारी दर्जा मिळाला. या नव्या समृद्धीबरोबर गाड्या आल्या, माल नेणारे ट्रक आले, आणि त्यांच्या पाठोपाठ चांगल्या रस्त्याची मागणीही आली.

सायकल या वादात कशी आली

१९९७ मध्ये गायोले इन कियान्ती या गावातून जानकार्लो ब्रोची यांनी 'लेरोइका' ही सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. जुन्या काळच्या सायकलिंगचे कष्ट आणि सौंदर्य पुन्हा अनुभवावे हा एक हेतू, आणि पांढरे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत हा दुसरा. सायकल १९८७ किंवा त्याआधीच्या घडणीची हवी, गियरच्या दांड्या खालच्या नळीवर हव्यात, पेडलला पट्टे हवेत, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून गेलेल्या हव्यात, असे तिचे नियम आहेत. लांब पल्ल्याचे स्वार पहाटे अंधारात निघतात आणि ब्रोलियोच्या किल्ल्याकडे चढणारा सायप्रसच्या झाडांमधला रस्ता त्यांच्यासाठी दिव्यांनी उजळलेला असतो. वाटेतल्या थांब्यांवर शिळ्या पावाचे आणि भाज्यांचे दाट सूप मिळते, आणि त्याच्या जोडीला कियान्ती वाइन. आता या फेरीला काही हजार लोक येतात. सुमारे २०९ किलोमीटरच्या तिच्या मोठ्या मार्गावर कायमच्या पाट्या लागल्या आहेत आणि तो वर्षभर कोणालाही खुला असतो.

लेरोइकाच्या प्रेरणेने २००७ मध्ये व्यावसायिकांची शर्यत सुरू झाली. पहिली ऑक्टोबरमध्ये झाली आणि ती अलेक्झांडर कोलोबनेव्हने जिंकली. पुढच्या वर्षीपासून ती मार्चच्या सुरुवातीला होऊ लागली. आज तिचे नाव 'स्त्रादे बियांके' असेच आहे. शर्यत सिएनाच्या पियाझ्झा देल काम्पो या चौकात संपते, आणि तिथे पोचण्याआधी सांता कातेरिनाची दगडी फरसबंदीची अरुंद, खडी चढण चढावी लागते. २०१५ पासून महिलांची शर्यतही होते. पहिली अमेरिकेच्या मेगन गार्नियेने जिंकली. फाबियान कान्चेलाराने ही शर्यत २००८, २०१२ आणि २०१६ अशी तीनदा जिंकली, आणि आस्चानोजवळचा मोंते सांते मारीएचा साडेअकरा किलोमीटरचा टप्पा त्याला समर्पित आहे. २०२४ मध्ये तादेय पोगाचार सुमारे ८० किलोमीटर एकट्याने पुढे राहून जिंकला. इतक्या तरुण शर्यतीला शंभर वर्षांच्या शर्यतींच्या पंगतीत बसवायचे की नाही, यावर आता गंभीरपणे चर्चा होते.

याच काळात अमेरिकेत एक समांतर प्रवाह वाढत होता. कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांमधल्या खडीच्या रस्त्यांवर २००६ पासून लांब पल्ल्याची शर्यत होऊ लागली, आणि तिच्यासारख्या शर्यतींमधून रुंद टायरची, वाकड्या हँडलची, हलक्या गियरची वेगळी सायकलच जन्माला आली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने पहिली ग्रॅव्हल विश्वविजेतेपद स्पर्धा इटलीतच, व्हेनेतो प्रांतात भरवली. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा प्रोसेक्को वाइनच्या टेकड्यांमधून गेली. २०१७ पासून लेरोइकाच्या संयोजकांनीही बुओनकोन्व्हेंतो इथून आधुनिक सायकलींसाठी वेगळी फेरी सुरू केली. जुन्या सायकलीचे प्रेमी आणि नव्या ग्रॅव्हल सायकलचे स्वार यांच्या आवडी पुष्कळ वेगळ्या आहेत, पण रस्ता कच्चा राहावा यावर दोघांचे एकमत आहे. या एकमतामुळेच वादातली एक बाजू इतकी भक्कम झाली.

राखावेत म्हणणारे

त्यांचा पहिला मुद्दा निसर्गदृश्याचा आहे. तोस्कानाची जी चित्रे जगाला ठाऊक आहेत, त्यांत सायप्रसच्या ओळींमधून टेकडी चढणारा पांढरा रस्ता हटकून असतो. शेजारची वाल दोर्चा ही दरी २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. माणसाने शेतीतून घडवलेला देखणा भूप्रदेश ही तिची ओळख मान्य झाली, आणि अशा प्रदेशात घरे आणि शेते जितकी महत्त्वाची तितक्याच त्यांना जोडणाऱ्या वाटाही. तोस्काना प्रांताने २०१५ मध्ये मंजूर केलेला भूदृश्य आराखडाही याच दृष्टीचा आहे.

दुसरा मुद्दा वेगाचा. खडीवर गाडी हळू चालवावी लागते. डांबर झाले की तोच रस्ता जवळचा मार्ग बनतो, रहदारी वाढते आणि शांतता जाते. हा मुद्दा मला वजनदार वाटतो, कारण तो फक्त पाहुण्यांच्या सोयीचा नाही. दारातून रस्ता जाणाऱ्या घरालाही तो लागू आहे. तिसरा मुद्दा पैशाचा. सायकलस्वार मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये, म्हणजे उन्हाळी गर्दीच्या बाहेर येतात, लहान गावांत राहतात, जेवतात, वाइन घेऊन जातात. गायोलेसारख्या छोट्या गावाचे नाव आज जपानपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत सायकलस्वारांना माहीत आहे, ते याच रस्त्यांमुळे.

डांबर हवे म्हणणारे

या बाजूचे लोक मासिकांत लिहीत नाहीत, म्हणून त्यांचे म्हणणे थोडे सविस्तर सांगायला हवे.

धूळ ही त्यांची पहिली तक्रार. उन्हाळ्यात एक गाडी गेली की पांढरा लोट बराच वेळ हवेत राहतो. तो वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो, खिडक्यांतून आत येतो आणि रस्त्याकडेच्या वेलींवर थर धरतो. धुळीने माखलेल्या पानांवर कोळी किडीचा प्रादुर्भाव वाढतो, हे द्राक्ष पिकवणाऱ्या सर्वच प्रदेशांतल्या बागायतदारांना माहीत आहे. दुसरी तक्रार रोजच्या जगण्याची आहे: शाळेची बस, रुग्णवाहिका, हिवाळ्यातला निसरडा चढ, गाडीच्या टायरची आणि स्प्रिंगची झीज. मोसमात चार दिवस येणाऱ्याला जो रस्ता रम्य वाटतो, तो जानेवारीत पहाटे कामावर जाणाऱ्याला वेगळा वाटतो.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट देखभालीची. कच्चा रस्ता म्हणजे बिनखर्चाचा रस्ता, हा गैरसमज आहे. तो मधोमध उंच आणि कडांना उतरता राखावा लागतो, नाहीतर पाणी रस्त्यातूनच वाट काढते. दोन्ही बाजूंचे चर गाळ काढून मोकळे ठेवावे लागतात, आडव्या मोऱ्या तुंबू द्यायच्या नसतात. वाहनांच्या चाकांनी पृष्ठभागावर नालीदार पत्र्यासारख्या लाटा उठतात; त्या ग्रेडर फिरवून मोडाव्या लागतात, वाहून गेलेली खडी पुन्हा आणून दाबावी लागते. एका जोरदार पावसात तीव्र उतारावरची सगळी मेहनत वाहून जाऊ शकते. अनेक ठिकाणी फक्त चढाचा भाग सिमेंटचा किंवा डांबराचा केलेला दिसतो, त्याचे कारण हेच.

हा खर्च कोणी करायचा, यात कायद्याची गुंतागुंत आहे. काही पांढरे रस्ते नगरपालिकांचे आहेत. पण बरेचसे इटलीच्या कायद्यातल्या 'स्त्रादा व्हिचिनाले' या वर्गात येतात. जमीन कडेच्या मालकांची, पण जाण्यायेण्याचा हक्क सगळ्यांचा. १९१८ च्या एका फर्मानानुसार अशा रस्त्याची देखभाल तो वापरणाऱ्या मालकांच्या संघाने करायची, आणि रस्ता सार्वजनिक वापराचा असेल तर नगरपालिकेने एक-पंचमांश ते निम्म्यापर्यंत वाटा उचलायचा. हा हिशेब बैलगाडीच्या आणि शेजाऱ्यांच्या काळातला आहे. दूरदेशाहून येणारे हजारो सायकलस्वार त्यात कुठेच बसत नाहीत. ते रस्ता वापरतात, त्याचा आनंद घेतात, पण संघाचे सभासद नसतात. चारसहा घरांच्या संघाने मग स्वतःच्या पैशाने डांबर घालू द्या म्हटले, तर वारशाच्या नावाखाली त्यांना नाही म्हणणे न्यायाचे ठरेल का? यावर राखणाऱ्यांच्या बाजूकडून समाधानकारक उत्तर अजून आलेले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मधला मार्ग काढण्याचे प्रयत्न आहेत. माती आणि खडीत चुना, सिमेंट किंवा इतर बांधणारे द्रव्य मिसळून पृष्ठभाग घट्ट करायचा, रंग मात्र जवळपास तोच ठेवायचा. धूळ कमी होते, खडी कमी वाहते. पण असा रस्ता खराब झाला की नुसता ग्रेडर फिरवून भागत नाही, आणि चाकाखालची सैल खडी गेल्यावर हा तोच रस्ता राहिला का, असे सायकलस्वार विचारतात.

खेळातला वाद

रस्त्यांच्या या वादाला समांतर आणखी एक वाद सायकल शर्यतींच्या जगात चालतो: एका दिवसाच्या शर्यतीत खडी ठीक, पण तीन आठवड्यांच्या शर्यतीत ती न्याय्य आहे का? पंक्चर किंवा घसरणे यासारख्या एका क्षणाच्या दुर्दैवाने महिन्यांची तयारी वाया जाते, असा विरोधकांचा आक्षेप आहे. २०१० च्या जिरो दितालिया या इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत मोंताल्चिनोकडे जाणारा टप्पा पावसात चिखलाचा झाला. कॅडेल एव्हान्स जिंकला, आणि आघाडीवर असलेल्या विन्चेन्झो निबालीची गुलाबी जर्सी गेली. २०२५ मध्ये सिएनाला संपणाऱ्या टप्प्यावर प्रिमोझ रोग्लिच पडला, मागे राहिला आणि त्याने दोन मिनिटांहून अधिक वेळ गमावला. त्या दिवशी वाउट व्हॅन आर्ट जिंकला आणि गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या इसाक देल तोरोकडे गेली.

समर्थक जिरोच्याच २०२१ च्या मोंताल्चिनो टप्प्याकडे बोट दाखवतात. तिथे रेमको एवेनपूल मागे पडला तो अपघाताने नव्हे, तर खडीवरच्या उतारावर सायकल हाताळण्यात कमी पडल्यामुळे. हेही कौशल्यच आहे, मग त्याची परीक्षा का नको? २०२४ च्या टूर द फ्रान्सने या चर्चेत वेगळीच भर घातली. शँपेन प्रांताच्या दक्षिणेकडील द्राक्षबागांमधून जाणाऱ्या त्रुआच्या टप्प्यात खडीचे १४ पट्टे, मिळून सुमारे ३२ किलोमीटर होते. पोगाचारने पुन्हा पुन्हा हल्ला केला, तरी प्रमुख दावेदारांमध्ये फरक पडला नाही, आणि टप्पा आँतोनी तुर्जीने जिंकला. तेव्हा खडी नेहमीच उलथापालथ करते असेही म्हणता येत नाही.

फ्रान्समधलेच पारी-तूर हे उदाहरण अधिक बोलके आहे. १८९६ पासूनची ही शर्यत वेगवान स्प्रिंटरांची म्हणून ओळखली जाई. २०१८ पासून तिच्या शेवटच्या भागात लुआर नदीकाठच्या व्हूव्ह्रेच्या परिसरातल्या, द्राक्षबागांमधल्या कच्च्या वाटा घातल्या गेल्या. पंक्चर फार झाली म्हणून काही संघांनी उघड नाराजी दाखवली. इतरांना मात्र मरगळलेल्या शर्यतीत जीव आल्यासारखे वाटले. कियान्तीशी तुलना करताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. या वाटा प्रामुख्याने बागेत ट्रॅक्टर नेण्यासाठी आहेत. घरांना जोडणारा रहदारीचा रस्ता आणि शेताच्या कामाची वाट यांना एकाच मापाने मोजले की वाद भलतीकडे जातो, आणि ग्रॅव्हलविषयीच्या लिखाणात ही गफलत नेहमी दिसते.

नाशिककडे पाहताना

भारतात डोंगर, द्राक्षे आणि सायकल या तिन्ही गोष्टी एकत्र येतात त्या नाशिकला. गंगापूर धरणाच्या परिसरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाइनसाठी द्राक्षे लावली गेली, २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, आणि वायनरी पाहायला येणाऱ्यांची वर्दळ वाढली. सायकलिंगची परंपरा इथे भक्कम आहे. आषाढीच्या सुमारास नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी जाते, आणि २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. दिंडोरी, निफाडच्या शिवारातल्या गाडीवाटा आणि शिवरस्ते सायकलसाठी किती सुंदर आहेत, हे तिथल्या स्वारांना सांगायला नको.

तरीही कियान्तीचा युक्तिवाद इथे उचलून आणता येत नाही. नाशिकच्या बागायतीत वाइनच्या द्राक्षांचा वाटा लहान आहे, मुख्य पीक खाण्याच्या द्राक्षांचे. ऑक्टोबर छाटणीनंतर तयार झालेला माल क्रेटमध्ये भरून बाहेर काढायचा, तर खड्ड्यांतल्या धक्क्यांनी मणी गळतात, मालाला मार लागतो. फवारणीचा ट्रॅक्टर काळ्या मातीच्या चिखलात रुतला तर दोन दिवसांत डाऊनी हा बुरशीचा रोग बाग खाऊन टाकतो. पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, ती या गरजेतून. शिवाय इथला पहिला प्रश्न पृष्ठभागाचा नसून वाट मिळण्याचाच असतो. बांधावरून रस्ता मिळावा म्हणून जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली, किंवा अडवलेली वाट मोकळी व्हावी म्हणून मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे अर्ज घेऊन शेतकरी वर्षानुवर्षे जातात. ज्याला शेतात जायला रस्ताच नाही, त्याच्यापुढे कच्च्या रस्त्याचे सौंदर्य मांडणे मला तरी जमणार नाही. साम्य दिसते ते एकाच जागी: जमीन एकाची आणि वहिवाट अनेकांची असेल, तर डागडुजीचा भार कोणावर, हे दोन्हीकडे धूसर आहे.

काय अनिर्णित आहे

सायकलमुळे कियान्तीच्या पांढऱ्या रस्त्यांना किंमत आली, याबद्दल आता फारसे दुमत उरलेले नाही. पण ही किंमत सगळ्या रस्त्यांना सारखी मिळालेली नाही. शर्यतीच्या मार्गावरचे टप्पे, उदाहरणार्थ कोल्ले पिन्झुतो किंवा ले तोल्फे, जगभर दूरचित्रवाणीवर दिसतात. त्यांची डागडुजी होते आणि त्यांच्यावर डांबर घालण्याचा विचारही कोणी करणार नाही. दोन टेकड्या पलीकडचा, तितकाच जुना आणि तितकाच देखणा रस्ता मात्र कोणत्याही नकाशावर ठळक नसतो. त्याचे रक्षण प्रसिद्धीने होणार नसेल तर कशाने, हे ठरलेले नाही.

गर्दीचाही प्रश्न आहे. लेरोइका ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास होते, आणि तेव्हाच सांजोव्हेजेची तोडणी चालू असते. अरुंद रस्त्यावर द्राक्षांनी भरलेली ट्रॉली आणि सायकलींची रांग समोरासमोर येतात. एक दिवस ते निभावून जाते. पण विजेवरच्या सायकलींमुळे आता कमी सराव असलेली माणसेही हे चढ चढू शकतात, आणि वर्षभर येणारे लोक वाढले तर तोडणीच्या आठवड्यांत अग्रक्रम कोणाला, याचा नियम लागेल. रुंद टायरच्या सायकलींनी रस्त्याची झीज होते का, हाही मुद्दा निघतो. वजन पाहता ती मोटारीच्या आणि ट्रॅक्टरच्या तुलनेत नगण्य असावी, पण ओल्या मातीत पडलेले चाकोरीचे खोल चर पुढच्या पावसाला वाट करून देतात हे खरे.

सर्वांत अडलेला मुद्दा पैशाचाच. सायकलफेरीच्या प्रत्येक नोंदणीच्या शुल्कातून देखभालीसाठी ठरावीक रक्कम वेगळी काढणे, मुक्कामावरच्या पर्यटन करातला वाटा रस्त्याच्या संघांना देणे, किंवा चर आणि मोऱ्या साफ ठेवणाऱ्या बागायतदाराला त्या कामाचा थेट मोबदला देणे, असे उपाय सुचतात. यातला तिसरा मला सर्वांत रास्त वाटतो, कारण पावसाच्या रात्री रस्त्यातून पाणी कुठे वाहते हे त्या बागायतदारालाच नेमके ठाऊक असते आणि फावडे घेऊन तिथे पहिला पोचणारही तोच असतो. मात्र त्यासाठी १९१८ ची वाटणी बदलावी लागेल, आणि वर्षातून दोन दिवस येणाऱ्या सायकलस्वाराला रस्त्याचा वापरकर्ता म्हणून कायद्यात कुठेतरी मोजावे लागेल.